धोत्रा, फवारणी आणि स्मृती

यवतमाळ जिल्ह्यात पुसदपासून वणीपर्यंत कोठेही गेले तरी पांदणीच्या कडेला, उकिरड्यावर किंवा पडीत जागेत धोत्र्याचे झुडूप दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही. महाशिवरात्रीस त्याचे काटेरी फळ शंकराच्या पिंडीवर वाहिले जाते; एरवी त्याला गुरेसुद्धा सहसा तोंड लावीत नाहीत. संस्कृतात ह्या वनस्पतीला ‘उन्मत्त’ असे एक नाव आहे. ज्याने हे नाव दिले त्याने तिचा परिणाम पाहिलेला असला पाहिजे. परंतु उन्माद हा त्या परिणामाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा त्याहून विलक्षण असून त्याचा उपयोग वैद्यांइतकाच चोरांनीही ओळखला होता. ज्याला धोत्रा चारला जातो त्याला त्या अवधीत काय घडले ते पुढे आठवत नाही.

गोव्यात राहून वैद्यकी करणाऱ्या गार्सिया दा ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात धोत्र्यावर एक प्रकरण घातले आहे. एका दासीला धोत्रा देऊन घरातील दागिने लांबविल्याची हकीकत त्यात येते. धोत्रा पोटात गेलेला मनुष्य हसत राहतो आणि कोणी डोळ्यांदेखत वस्तू उचलून नेल्या तरी आडकाठी करीत नाही, असे त्याने नमूद केले आहे. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी, १८५६ साली, कलकत्त्याचे नॉर्मन चेव्हर्स यांनी हिंदुस्थानातील न्यायवैद्यकावर ग्रंथ लिहिला, तेव्हाही वाटसरूंना खाण्यातून धोत्रा देऊन लुटण्याचे प्रकार त्यांना विस्ताराने नोंदवावे लागले. अशा गुन्ह्यांच्या तपासात मोठी पंचाईत होते. फिर्यादी शुद्धीवर येतो, त्याचे गाठोडे गेलेले असते, आणि ते कोणी नेले हे त्याला सांगता येत नाही. तो सारा वेळ झोपलेला होता असेही नाही. तो चालत होता, बडबडत होता, कदाचित स्वतःच्या हाताने त्याने कंबरेचा कसा सोडून दिलेला असेल. घडणे चालू होते. नोंद मात्र होत नव्हती.

हाच गुण एका काळी युरोपातील डॉक्टरांनी उपकारासाठी वापरला. धोत्र्याच्या कुळातील वनस्पतींत स्कोपोलामीन नावाचे द्रव्य असते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे क्र्योनिग व गाउस हे डॉक्टर प्रसूतीच्या वेळी ते मॉर्फीनबरोबर टोचीत असत. मात्रा पुरेशी झाली की नाही हे ठरविण्याची गाउस यांची रीत मोठी मार्मिक होती. प्रसूत होणाऱ्या स्त्रीला एखादी वस्तू दाखवावयाची आणि अर्ध्या तासाने ‘ही पूर्वी पाहिली होती काय?’ असे विचारावयाचे. ओळखली, तर मात्रा अपुरी. ओळखली नाही, तर पुरेशी. वेदना होत असत, स्त्रिया ओरडतही असत. पण मूल हातात आल्यावर आपणांस काहीच त्रास झाला नाही असे त्या प्रांजळपणे सांगत. न आठवणाऱ्या दुःखाला दुःख म्हणावे की नाही, हा प्रश्न वैद्यकाने तत्त्वज्ञांकडे सोपवून दिलेला दिसतो. ती पद्धत पुढे मागे पडली, आणि ते योग्यच झाले.

हे घडते कसे, याचे उत्तर ज्या शोधातून निघाले त्याची जन्मकथाही योगायोगाने विसरण्याचीच आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील ऑटो लोवी यांना एका रात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला. अर्धवट जागे होऊन त्यांनी तो कागदाच्या चिटोऱ्यावर खरडला आणि ते पुन्हा झोपी गेले. सकाळी पाहतात तो स्वतःचेच अक्षर लागेना, आणि प्रयोगही आठवेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न परत पडले. ह्या वेळी मात्र कागदावर विश्वास न ठेवता ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. त्यांनी एका बेडकाच्या काढलेल्या हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित केला. हृदयाची गती मंदावली. त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयात घातला, तो त्याचीही गती मंदावली. मज्जातंतूचा निरोप विजेने नव्हे, तर एका रसायनाने पोचविला होता. हा प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलीन होय, आणि त्यासंबंधीच्या कामाबद्दल लोवी व इंग्लंडचे हेन्री डेल यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हृदयाला ‘हळू चल’ असे सांगणारा हा निरोप्या मेंदूत निराळे काम करतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या काही मज्जापेशींच्या पुंजक्यांतून तो वरच्या सर्व भागांत पसरविला जातो, आणि विशेषतः कानशिलाच्या आत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस ह्या भागाला पोचतो. नव्या प्रसंगांची आठवण बांधली जाते ती ह्या भागाच्या साहाय्याने. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन ह्या तरुणाचा अपस्माराचा विकार आवरण्यासाठी हा भाग दोन्ही बाजूंनी काढण्यात आला. तेव्हापासून २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्याला नवी ओळख, नवी बातमी, सकाळचे जेवण यांपैकी काहीही ध्यानात ठेवता आले नाही. बालपण आठवत होते. हाताला लागणारी नवी सवयसुद्धा तो शिकत असे, फक्त शिकलो हे त्याला माहीत नसे. १९७३ साली ब्लिस व लोमो ह्या दोघा शास्त्रज्ञांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये असे दाखविले की, एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जोराने व वारंवार गेला म्हणजे त्या दोघींमधील वाट कित्येक तास रुळलेली राहते. शिकणे म्हणजे पेशीपेशींमधील अशा वाटा रुळणे, असे स्थूलमानाने म्हणता येईल. अ‍ॅसिटिलकोलीन ही वाट स्वतः पाडीत नाही. ती पडण्याजोगी स्थिती मात्र ते आणते. पावसाने भिजलेल्या पांदणीत बैलगाडीची चाकोरी चटकन उमटते आणि मे महिन्यात उमटत नाही, तसाच हा प्रकार आहे.

धोत्र्यातील स्कोपोलामीन व त्याचे भावंड अ‍ॅट्रोपीन ही द्रव्ये अ‍ॅसिटिलकोलीनच्या घरी जाऊन त्याच्या जागेवर बसतात. निरोप्या दाराशी येतो आणि परत जातो. १९७४ साली अमेरिकेत ड्रॅकमन व लेव्हिट यांनी निरोगी तरुणांना स्कोपोलामीन देऊन त्यांची परीक्षा घेतली. ऐकलेले आकडे लगेच म्हणून दाखविणे त्यांना साधले. परंतु शब्दांची यादी शिकून मागाहून सांगणे साधेना. त्यांचे गुण वृद्धांच्या गुणांसारखे आले. फिर्यादी वाटसरू चोराशी धडपणे बोलतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा चेहरा सांगू शकत नाही, ह्या जुन्या कोड्याचा उलगडा येथे होतो. क्षणाचे ध्यान शाबूत असते. क्षणाला पुढच्या क्षणाशी बांधून ठेवणारा दोरा तुटलेला असतो.

येथवर निरोप्या कमी पडल्याची कथा झाली. तो अति झाला तर काय होते, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या पावसाळ्यात पाहिले.

अ‍ॅसिटिलकोलीनने निरोप सांगितल्यावर त्याला तत्काळ नाहीसे करणारे एक विकर शरीरात असते. त्याचे नाव कोलीनएस्टरेज. त्याचा एकेक रेणू एका सेकंदात अ‍ॅसिटिलकोलीनचे हजारो रेणू मोडतो, म्हणूनच एका निरोपानंतर दुसरा ऐकू येण्याइतकी शांतता मिळते. जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर हे १९३० नंतरच्या दशकात किडींवरील औषधे शोधीत असता त्यांच्या हाती जी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त द्रव्ये लागली, ती ह्याच विकराला जखडून टाकतात. त्यांपैकीच टाबून ह्या द्रव्यापासून युद्धाचा विषारी वायू झाला. त्याच कुळातील सौम्य मानलेली द्रव्ये शेतात आली. मोनोक्रोटोफॉस हे त्यांतले एक. भाजीपाल्यावर त्याचा वापर करण्यास भारतात २००५ साली बंदी झाली, पण कपाशीवर ते चालू राहिले. किडीचा व माणसाचा निरोप्या एकच आहे, ही गोष्ट बाटलीवरच्या लाल त्रिकोणाखेरीज दुसरे कोणी शेतमजुराला सांगत नाही, आणि तो त्रिकोण वाचावयाला त्याला शिकविलेले नसते.

त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती. एरवी कंबरेखाली पडणारी फवार डोक्याच्या उंचीवर मारावी लागली. बॅटरीवर चालणारे जोरकस पंप, बारीक तुषार, दोनतीन औषधांचे एकत्र केलेले मिश्रण, घामाने भिजलेला सदरा, हातमोजे नाहीत, तोंडाला फार तर दुपट्टा, असा तो थाट होता. जुलैपासून पुढच्या तीनचार महिन्यांत जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. बहुतेकांची धाव यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे होती. राज्य सरकारने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. सर्वांनाच फॉस्फरसयुक्त विषाची बाधा झालेली होती असे नाही. इतर जातींची कीटकनाशकेही वापरात होती व मिश्रणामुळे कोणत्याने काय केले हे वेगळे काढणे कठीण झाले. तथापि ज्यांना ही बाधा होते त्यांची लक्षणे धोत्र्याच्या नेमकी उलट असतात. धोत्र्याने बाहुली विस्फारते, तोंड कोरडे पडते, कातडी तापून लाल व सुकी होते, नाडी धावते. फवारणीच्या विषाने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ व घाम सुटतो, छातीत पाणी भरल्यासारखे होते, नाडी मंदावते आणि स्नायू थडथडू लागतात.

ह्या विषावर डॉक्टरांच्या हाती जो मुख्य उतारा आहे तो अ‍ॅट्रोपीनच होय. पांदणीच्या कडेच्या त्या झुडपाचे जे विष, तेच पऱ्हाटीतल्या विषाचे औषध ठरते. थोडी मात्रा द्यावयाची, पाच मिनिटे थांबावयाचे, छाती मोकळी झाली नाही तर दुप्पट द्यावयाची, पुन्हा दुप्पट, असा तो क्रम चालतो. नेहमीच्या व्यवहारात कल्पनाही करवणार नाही इतके अ‍ॅट्रोपीन त्यात खर्ची पडते. मग प्राण वाचतो, पण मात्रा अंमळ पुढे गेली की मेंदूत धोत्र्याचा अंमल चढू लागतो. रुग्ण अंथरूण चाचपतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, नळ्या ओढून काढतो. प्रसंगी त्याचे हात बांधावे लागतात. आप्तेष्टांना वाटते, विष डोक्यात गेले आणि माणूस वेडा झाला. वस्तुतः ते बरे होण्याच्या वाटेवरचे वेड असते व औषध आवरले की उतरते. त्या दिवसांची आठवण मात्र बहुधा रुग्णाजवळ नसते. आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या संकटाची हकीकत त्याला पुढे बायकोच्या तोंडूनच ऐकावी लागते. हे त्याच्या घरच्यांना दवाखान्यात कोणी दोन वाक्यांत समजावून सांगितले, तर केवढी धास्ती वाचेल!

परंतु खरा प्रश्न रुग्ण घरी परतल्यानंतरचा आहे, आणि तो फारसा विचारला जात नाही. निकाराग्वा ह्या मध्य अमेरिकेतील देशात अशाच विषबाधेतून वाचलेल्या ३६ पुरुषांची सुमारे दोन वर्षांनंतर परीक्षा घेण्यात आली. रोझेनस्टॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. विषबाधा न झालेल्या, त्यांच्याच बरोबरीच्या माणसांच्या मानाने ह्या लोकांचे लक्ष, स्मृती व हातांची चपळाई कमी भरली. ते वेडे नव्हते, पांगळे नव्हते, कामावर जात होते. नुसते पाहून कोणालाही काही कळले नसते. एवढ्याशा उणिवेने शहरातील कारकुनाचे कदाचित निभेल, कारण त्याची स्मृती फायलीत असते. अल्पशिक्षित शेतमजुराची सारी शेती डोक्यात असते. कोणत्या तुकड्यात कोणती फवारणी कधी झाली, कृषी केंद्रात किती उधारी आहे, तुरीची ओळ कोठे संपते, सावकाराने काय सांगितले होते, हे त्याने कोठेही लिहून ठेवलेले नसते. त्याच्या हातून दुसऱ्यांदा तेच औषध त्याच शेतात पडले, तर गाव म्हणते, माणूस हलगर्जी झाला आहे. तो हलगर्जी झाला की त्याचा मेंदू अधू झाला, हे सांगण्यास स्मृतीची साधी परीक्षा पुरते. कागद, पेन्सिल, वीस मिनिटे आणि मराठीत बोलणारा मनुष्य, इतकीच तिची सामग्री आहे. विषबाधेचे पंचनामे होतात, मृतांच्या वारसांना मदत मिळते. वाचलेल्यांची स्मृती मोजण्याची पद्धत घालून देणे ह्याहून खर्चाचे नाही.

येथे एक विरोधाभास सांगितला पाहिजे. जे विकर मोनोक्रोटोफॉस जखडते, तेच विकर हलकेच व तात्पुरते अडविणारी गोळी शहरांतील कित्येक वृद्ध आज रोज घेत आहेत. अल्झायमरच्या रोगात मेंदूतील अ‍ॅसिटिलकोलीन तयार करणारी यंत्रणा ढासळते असे १९७६ च्या सुमारास दिसून आले. तेव्हा जे थोडे अ‍ॅसिटिलकोलीन उरले आहे ते लवकर मोडू नये, ह्या हिशेबाने औषधे शोधण्यात आली, आणि त्यांतील डोनेपेझिल हे १९९६ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याने रोग हटत नाही. काही रुग्णांचे काही महिने थोडे बरे जातात. विष आणि औषध यांत फरक राहतो तो मात्रेचा, आणि पकड सुटते की सुटत नाही ह्याचा. निरोगी विद्यार्थ्याने परीक्षेच्या आधी असले काही घेतल्यास त्याचे गुण वाढतील अशी आशा करण्यास मात्र आधार नाही. ज्याचा निरोप्या वेळेवर येतो, त्याच्या दाराशी आणखी चार उभे केल्याने गर्दी तेवढी होते.

अ‍ॅसिटिलकोलीनचे सोंग घेणारा आणखी एक पदार्थ यवतमाळच्या पानठेल्यावर पन्नीत घोटला जातो. खर्ऱ्यातील तंबाखूचे निकोटीन मेंदूतील काही दारांवर अ‍ॅसिटिलकोलीनच्या नावाने थाप मारते आणि दार उघडते. त्यामुळे क्षणभर लक्ष लागल्यासारखे वाटते, हे खोटे नाही. पण त्याबरोबर मेंदू दुसरेही एक शिकून घेतो, आणि ते फार पक्के शिकतो: ठेल्यावरची ती वेळ, सुपारीचा वास, सोबतचे मित्र. खर्रा सोडून सहा महिने झालेला मनुष्य त्या चौकातून जाताना बेचैन होतो, ती त्याच्या मनोबलाची नाचक्की नव्हे. तो धडा त्याला पाठ झालेला असतो, इतकेच. व्यसन हेही एक शिक्षण आहे. फक्त ते कोणाला घ्यावयाचे नव्हते.

मोहाच्या दारूची वाट वेगळी आहे. तिचा रोख अ‍ॅसिटिलकोलीनवर नसून मुख्यतः इतर दोन निरोप्यांवर असतो. मात्र भरपूर व भराभर प्यायल्यास हिप्पोकॅम्पसची नोंदवही तीही बंद पाडते. ‘रात्री काय बोललो ते आठवत नाही’ असे सांगणारा नवरा पुष्कळदा खरे सांगत असतो. त्यामुळे मार खाल्लेल्या बायकोचे समाधान का व्हावे, हे मात्र कळत नाही. तिची नोंदवही उघडीच होती. वर्षानुवर्षे जेवणाऐवजी दारूवरच राहणाऱ्यांत थायमीन ह्या जीवनसत्त्वाचा तुटवडा पडून स्मृती कायमची जाते. रशियन वैद्य कोर्साकोव्ह यांनी अशा रुग्णांचे वर्णन १८८७ साली केले.

शहरी घरांत धोत्रा येत नाही आणि फवारणीही होत नाही, असे कोणाला वाटेल. घरातील औषधांचा डबा उघडून पाहावा. सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामीन, झोप व मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिले जाणारे अ‍ॅमिट्रिप्टिलीन, कंपवातावरील ट्रायहेक्सिफेनिडिल, ही सर्व द्रव्ये कमीअधिक प्रमाणात धोत्र्याचेच काम करतात. तरुणाला त्याने तोंडाला कोरड पडण्यापलीकडे काही जाणवत नाही. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना तीन डॉक्टरांनी तीन वेगळ्या कारणांसाठी अशा तीन गोळ्या दिल्या, की ते संध्याकाळी सुनेला ओळखीनासे होतात, आणि घरात ‘म्हातारचळ’ हा शब्द उच्चारला जातो. अशा वेळी सर्व गोळ्या, मलमे व थेंब एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरापुढे ठेवावीत. मनाने एखादी गोळी एकदम बंद करू नये. पुष्कळदा एक गोळी बदलताच आजोबा चार दिवसांत पूर्ववत् होतात.

पिशवीची हीच सूचना शेतावर बाटलीच्या बाबतीत लागू पडते. फवारणी करून आलेल्याला मळमळू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, लाळ सुटली, तर त्याचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे, धुणाऱ्याने स्वतःचे हात जपावेत, आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली, निदान तिच्यावरील चिठ्ठी, बरोबर न्यावी. १८६४ साली प्राग येथे क्लाइनवेख्टर ह्या डॉक्टरने अ‍ॅट्रोपीन प्यायलेल्या कैद्याला फायसोस्टिग्मीन देऊन वाचविले होते, आणि फायसोस्टिग्मीन हे त्याच विकराला अडविणारे द्रव्य होय. म्हणजे ह्या दोन विषांपैकी प्रत्येक दुसऱ्याचा उतारा आहे. म्हणूनच त्यांची अदलाबदल भयंकर ठरते. मुलाने खेळता खेळता धोत्र्याचे बी खाल्ले असेल आणि त्याला फवारणीचे विष समजून अ‍ॅट्रोपीन दिले, तर विषात विषाचीच भर पडेल. डॉक्टर बाहुली पाहून बहुतेक वेळा ओळखतो. पण मिश्रण फवारलेले असेल तर बाहुलीही फसविते, आणि रुग्ण स्वतः सांगण्याच्या स्थितीत नसतो.